मुंढ्याची लायब्ररी

४ एप्रिल

ही गेल्यापासून या वहीला मी हात लावला नव्हता. कोरे पान हीसुद्धा एक नोंदच असते, अशी मी स्वतःची समजूत घालीत होतो. परंतु ती सबब होती. वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरीत असताना कोणा दुकानदाराने असली सबब पुढे केली असती, तर मी ती ऐकून घेतली नसती.

आज लिहिण्याचे कारण असे. हिच्या शिवणखोलीतील संगणक गेल्या महिन्यात जळाला. हिचे संकेतस्थळ त्याच्यावरून चालत असे. कोणीही आपली मापे भरावीत आणि त्या मापांचा, कापड बेतण्यासाठीचा कागदी आराखडा छापून घ्यावा, अशी ती सोय होती. हिच्या शिवणवर्गात शिकलेल्या, आणि हिला कधीही न भेटलेल्या कितीतरी स्त्रिया त्यावर विसंबून असतात, असे ऐकतो. मी ते कधी उघडून पाहिले नाही. तो माझा विषय नव्हता.

सकाळी मेहुणीचा फोन आला. हिची ही धाकटी बहीणच आता वर्ग चालवते.

"भावोजी, साइट कधी चालू होणार? गणवेशांची कामं येऊन पडलीत. मुली हाताने बेततायत आणि एकीचीही बाही धड मुंढ्यात बसत नाहीये."

मुंढा म्हणजे बाही जेथे अंगाला जोडतात तो बाक, एवढे मलाही ठाऊक आहे. मी म्हणालो, "लवकरच होईल."

"तुमचं लवकर मला माहितीये. हे बघा, महिनाअखेरपर्यंत थांबते. नाहीतर कंपासला सांगते, तो त्याच्या घरी, त्याच्या मशीनवर बसवून टाकेल. त्याला सगळं माहीतच आहे."

मी तिला स्पष्ट सांगितले की संकेतस्थळ या घरातून चालत होते आणि याच घरातून चालेल.

त्याला सगळे माहीत आहे. असेल.

५ एप्रिल

कंपास हे त्या गृहस्थाचे खरे नाव अर्थातच नव्हे. ते हिने ठेवलेले. यंत्रांचे आराखडे काढण्यात त्याची हयात गेली. संकेतस्थळ नवे होते तेव्हा त्याने हिला तक्रार लिहून पाठवली की तुमच्या मुंढ्याचा बाक भूमितीच्या दृष्टीने चुकीचा आहे. कोणी माझ्या कामात अशी चूक काढली असती, तर मी पुरावा मागितला असता. हिने त्याला कामालाच जुंपले.

तेव्हापासून रोज सकाळी, माझे वर्तमानपत्र चाललेले असताना, शिवणखोलीतून कळफलकाचा आवाज येई आणि मधूनच हसू येई. "कंपास, गाढवा!" असे ही पडद्याकडे पाहून एकटीच म्हणे. मला हिने जन्मभर 'अहो' म्हटले. त्यात काही उणे होते असे मला कधी वाटले नाही. परंतु माणूस गाढव कोणाला म्हणतो? ज्याच्यापाशी शब्द जपून वापरावे लागत नाहीत, त्याला.

ही गेली त्या दिवशी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि रडू लागला. मी रडलो नव्हतो. लोकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. सांत्वन कोणाचे करावयाचे याचे काही तारतम्य असावयास हवे होते.

७ एप्रिल

नवा संगणक आणला. जुन्याची डिस्क सुदैवाने शाबूत आहे. लेकीने फोनवरून सांगत सांगत ती नव्याला जोडून घेतली.

"बाबा, आईचे फोल्डर जसेच्या तसे नव्यावर उतरवा. बाकी काही करू नका."

उतरवले. परंतु जसेच्या तसे ठेवणे मला पटले नाही. हिचे काम सुबक असे, संगणकातील मांडणी मात्र अगदीच अघळपघळ. दिवसभर बसून मी सारे विषयवार लावले. त्यात 'कंपास' नावाचा एक फोल्डर निघाला. आत न वाचता येण्याजोग्या फाइली होत्या. हिच्या मापांमध्ये, हिच्या चित्रांमध्ये, अगदी मधोमध तो ठाण मांडून बसला होता. मी तो जुनी डिस्क आणि नवा संगणक, दोन्ही ठिकाणांहून, कायमचा, काढून टाकला. घर आवरताना परक्याच्या वस्तू कोणी ठेवून घेत नाही.

आवरल्यावर बरे वाटले. जेवणही व्यवस्थित गेले.

९ एप्रिल

शिंप्याकडून नवे शर्ट आले. ही असेतो मला बाहेर शर्ट शिवावा लागला नाही, त्यामुळे या मंडळींचा दर्जा इतका घसरल्याची कल्पना नव्हती. घातला की शर्ट उजवीकडे ओघळतो आणि कॉलर मानेला काचते. मी दोन्ही परत केले.

शिंपी म्हणाला, "साहेब, उभे राहा बरं जरा सरळ."

मी सरळच उभा होतो. आयुष्यभर प्रमाणित वजनांची पेटी खांद्याला अडकवून मी बाजार पालथे घातले, परंतु कधी वाकलो नाही. हिने शिवलेला प्रत्येक शर्ट माझ्या अंगावर ओळंब्यासारखा बसे. दोष मापात नसतो, माप घेणाऱ्यात असतो.

१० एप्रिल

वेब सर्व्हर बसवला. मागेल त्याला संकेतस्थळाची पाने नेऊन देणाऱ्या प्रोग्रामला वेब सर्व्हर म्हणतात. सुरू करण्याची आज्ञा दिली. उत्तर आले : अमुक नावाची लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल अस्तित्वात नाही.

लेकीने समजावून दिले. प्रोग्राम सगळीच कामे स्वतः करीत नाही. फाइल दाबून लहान करणे, मजकूर सांकेतिक करणे, अशी कामे तो तयार लायब्ऱ्यांकडून करून घेतो. त्यांतील एक जरी जागेवर नसली, तरी तो जागचा हलत नाही.

"म्हणजे तुमच्यासारखाच, बाबा. चष्मा सापडला नाही की पेपर नाही, पेपर नाही की चहा नाही."

मी म्हणालो की यात हसण्यासारखे काही नाही. नंतर ध्यानात आले की ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

११ एप्रिल

एक लायब्ररी आणून बसवली की तो दुसरीचे नाव घेतो. दुसरी बसवावी, तर तिसरी. तथापि एक उत्तम आज्ञा सापडली. ती दिली असता प्रोग्रामला लागणाऱ्या सर्व लायब्ऱ्यांची यादी येते आणि प्रत्येकीसमोर ती कोठे आहे हे दिसते; नसेल तेथे 'सापडली नाही' असा स्वच्छ शेरा येतो. माझ्या तपासणी अहवालांची आठवण झाली.

एक लायब्ररी तर जागेवर असूनही न सापडलेली दिसत होती. लायब्ऱ्या कोठे कोठे शोधावयाच्या याची नोंद यंत्र स्वतःपाशी ठेवते आणि ती नोंद ताजी करण्याची आज्ञा मी दिली नव्हती. दिली, सापडली. वस्तू डोळ्यांसमोर असूनही दिसू नये, हा प्रकार यंत्रांतही असतो तर.

कंपासला हे सारे ठाऊक असणार. हिला अडचण आली की ती मला हाक मारीत नसे, त्याला लिहीत असे. मी भिंतीपलीकडे होतो. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. विचारले असते, तर मी शिकून घेतले असते.

१५ एप्रिल

आज जे केले ते कोणापाशी बोलण्यासारखे नाही. म्हणून येथे लिहितो.

सांकेतिक करण्याची लायब्ररी माझ्या संगणकावर नवी आहे, आणि हिने जोडलेला भाग जुन्या आवृत्तीचे नाव घेऊन अडून बसतो. जुनी रीतसर बसवण्यास बराच वेळ लागणार होता. इतक्यात मेहुणीचा निरोप आला की कंपास सारखा चौकशी करतो, "काही मदत हवी का" म्हणून. ते वाचले, आणि मी नव्या लायब्ररीलाच जुनीचे नाव देऊन टाकले.

म्हणजे काय केले? हलक्या वजनावर भारी वजनाचा शिक्का मारला. याच गुन्ह्यासाठी मी लोकांची दुकाने बंद केली आहेत.

सर्व्हर क्षणभर उठला आणि कोसळला. नाव जुळले, परंतु आत जे हवे होते ते मिळाले नाही, अशा अर्थाचा संदेश आला. लेकीला सांगावे लागले.

"खोटं नाव लावलंत? तुम्ही? बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"घाई झाली."

"कसली घाई? कंपासकाकांना एक फोन करा की. पाच मिनिटांचं काम आहे त्यांचं."

कंपासकाका! हे नाते कधी जुळले, याची मला कोणी वर्दी दिली नाही.

१९ एप्रिल

खोटे नाव काढले. जुनी आवृत्ती मूळ ठिकाणाहून आणून, तपासून, रीतसर बसवली. चार दिवस गेले, पण काम चोख झाले. यादी पुन्हा मागवली. सगळ्या जागेवर. फक्त शेवटच्या ओळीत एक शेरा उरला : 'मुंढा – सापडली नाही'.

ही लायब्ररी कोठेही मिळत नाही. जेथून बाकीच्या मिळाल्या त्या एकाही भांडारात नाही. इंटरनेटवर शोधले, तर शिवणकामाची चित्रे येतात. जगात कोठेच नसलेली वस्तू हिच्या संगणकाला मिळाली तरी कोठून? यंत्राचीच काही चूक असावी.

सर्व्हर बंद. महिना सरत चालला.

२२ एप्रिल

लेकीला मुंढ्याविषयी विचारले.

"ती बाजारात कशी मिळेल? ती कंपासकाकांनी घरी लिहिलेली असणार. आईच्या जुन्या डिस्कवर बघा ना, त्यांच्या नावाचा फोल्डर असेल."

मी फोन ठेवला. ठेवतो असे म्हणावयाचेही राहून गेले.

दुपारभर हिच्या खुर्चीत बसून राहिलो. शिवणयंत्रावर हिची टेप अजून आहे. पुसलेल्या फाइली परत मिळवण्याचा एक प्रोग्राम चालवून पाहिला. हाती आले ते तुकडे. मी कोणतेही काम अर्धवट करीत नाही. पुसलेही पुरतेच होते.

आता संकेतस्थळ त्याच्याखेरीज उठणार नाही. हिने बांधलेल्या वस्तूचा एक खांब त्याचा होता, आणि तो मीच उपटून काढला. त्याला सांगितले, तर तो म्हणेल, द्या इकडे, मीच माझ्या घरी चालवतो. आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकार असेल.

२५ एप्रिल

मेहुणी आली होती. शिवणखोलीच्या दारात उभी राहून तिने सगळीकडे नजर फिरवली.

"केवढं आवरलंय! ताई असती तर तिला कात्रीसुद्धा सापडली नसती. काय, चालू करताय की नुसतीच तपासणी चाललीये?"

"एक लायब्ररी कमी आहे."

"मग कंपासला विचारा. भावोजी, तुमचं त्याच्याशी वाकडं काय आहे हो?"

"काही नाही. माझे कोणाशीही वाकडे नाही."

ती माझ्याकडे पाहून का हसली, कळले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "मंगळवारी महिना संपतो."

२६ एप्रिल

फोन केला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"साहेब! मी वाटच बघत होतो."

मी म्हणालो की 'मुंढा' नावाची एक फाइल गहाळ झाली आहे, आपल्याकडे प्रत असल्यास पाठवावी. तो म्हणाला, पाठवत नाही, घेऊन येतो. नव्या सिस्टिमवर ती नव्याने बांधावी लागेल. मी नको म्हणण्याच्या आत उद्या सकाळची वेळ ठरूनही गेली.

खोली पुन्हा एकदा झाडली. हिची टेप जेथे होती तेथेच ठेवली. ती त्याला दिसली पाहिजे, आणि ती या घरात आहे हेही.

२७ एप्रिल

तो आला. ही गेली त्या दिवशी वाटला होता, त्याहून वयस्क दिसला. शिवणखोलीच्या दारात थबकला आणि म्हणाला, "इथे बसायच्या होय बाई?"

"आपण येथे पूर्वी आलाच असाल."

"मी? कधीच नाही. त्या दिवशी आलो, तोही दारापर्यंत. बाईंना प्रत्यक्ष मी एकदाच भेटलो, वर्गात. बाकी सगळं लिहूनच."

तो कामाला बसला. थोड्या वेळाने मान न वळवता त्याने विचारले, "जुन्या डिस्कवर नव्हती फाइल? ती तर माझ्याच फोल्डरमध्ये होती."

गहाळ झाली, असे मी पुन्हा म्हणू शकलो असतो. परंतु एकदा खोटा शिक्का मारून झाला होता.

"मी पुसली."

"चुकून?"

"नाही. त्यावर आपले नाव होते."

त्याचे हात थांबले. तो काय बोलतो, याची मी उभ्याने वाट पाहिली. तो खुर्चीसकट वळला, आणि हसला.

"बाई असत्या, तर गाढव म्हणाल्या असत्या तुम्हाला."

"मला हिने तसे कधी म्हटले नाही."

"मग आज म्हणून घ्या की. मी रोज म्हणून घेत होतो." मग त्याचे हसू ओसरले. "साहेब, तुम्हाला काय वाटतं, काय लिहायच्या बाई मला? एरर. यंत्राने जे फेकलं ते तसंच्या तसं चिकटवायच्या आणि खाली लिहायच्या, 'गाढवा, बघ.' मी तासभर खपून उत्तर पाठवायचो. वाटायचं, आज तरी चार ओळी गप्पा मारतील. तर रोज एकच ओळ यायची. 'थांबते, ह्यांची जेवायची वेळ झाली.' तुम्हाला म्हणून सांगतो, त्या ओळीचा मला फार राग यायचा. एक वाजत आला की मी घड्याळाकडेच बघत बसायचो. वाटायचं, कोण हा माणूस, याला एक दिवस उशिरा भूक लागत नाही?"

मी जाऊन पाणी आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

मुंढा बांधून झाली. यादी मागवली, एकाही ओळीसमोर शेरा नाही. सर्व्हर सुरू केला. काहीच घडले नाही, आणि काही न घडणे हीच सुरू झाल्याची खूण असते, असे तो म्हणाला. मग त्याने संकेतस्थळ उघडले आणि मी ते प्रथमच पाहिले. मापे भरण्याच्या चौकटी रिकाम्या नव्हत्या. त्यांत नमुन्याची मापे आधीच भरलेली होती. शेजारी त्या मापांचा शर्ट रेषांनी काढला जात होता. गळा, डावा खांदा, डावा मुंढा. मग उजवा खांदा. तो डाव्याहून सरळ सरळ खाली उतरला.

"यात चूक आहे," मी म्हणालो. "उजवी बाजू घसरली आहे. आपली लायब्ररी दुरुस्त करावी लागेल."

"चूक नाही. ही लायब्ररी लिहिली ती याच खांद्यासाठी. सरळ खांद्याचा मुंढा काढणारे प्रोग्राम हवे तेवढे होते. बाईंना उतरत्या खांद्याचा हवा होता, आणि शर्ट घातल्यावर खांदा उतरता आहे हे कोणाला, अगदी घालणाऱ्यालासुद्धा, कळता कामा नये, अशी अट होती. किती वेळा परत पाठवलंय मला या खांद्यावरून! अजून ओढ पडतेय, अजून कॉलर काचतेय. झोपेतसुद्धा काढून दाखवीन मी हा खांदा."

"माप कोणाचे आहे?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, एका फार सरळ माणसाचं."

एवढे बोलून त्याने सहज माझ्याकडे पाहिले, आणि पाहतच राहिला. मी खिडकीशी उभा होतो. त्याची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेली आणि तेथून पडद्याकडे.

"अरे," तो हळूच म्हणाला. "हे तुम्ही होय."

मी पेटी याच खांद्याला अडकवीत असे. ती सहज पेलते, अशी माझी समजूत होती. हिने कधी एका शब्दाने सांगितले नाही. समोर उभे करून, टेप लावून, मापे घेई आणि म्हणे, "झालं. हलू नका म्हटलं की कसे अजिबात हलत नाही तुम्ही!" ते मी कौतुक समजत असे. अजूनही समजतो.

तो सामान आवरू लागला. "आता काही अडलं तर कळवा. साइट इथेच राहू द्या, बाईंच्या खोलीत. मी आपला लांबून बघीन." तो दाराशी पोहोचला तेव्हा बाहेरच्या खोलीतील घड्याळात एकाचा ठोका पडला, आणि आम्ही दोघेही जागीच थांबलो.

मी म्हणालो, "जेवायची वेळ झाली. चला."

२९ एप्रिल

मेहुणीचा फोन. गणवेशांचे आराखडे छापून झाले आणि बाह्या बसल्या. मी तिला नमुन्याच्या मापांविषयी विचारले.

"म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं? अहो, वर्गात शर्ट शिकवायचा तो त्याच्यावरच. आम्ही सगळ्या त्याला 'भावोजींचा शर्ट' म्हणतो. दर वर्षी नव्या मुली पहिल्यांदा तुम्हालाच कापतात!"

दुपारी शिंप्याकडे गेलो आणि छापलेला आराखडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वरून खालपर्यंत न्याहाळला, मग मला. म्हणाला, "हे आधी नाही का दाखवायचं, साहेब?" मी म्हणालो, मजजवळ नव्हते.

कंपास गुरुवारी येणार आहेत. प्रती नियमितपणे कशा काढून ठेवाव्यात, हे ते मला शिकवणार आहेत. आजवरच्या साऱ्या एरर त्यांनी जपून ठेवल्या आहेत, हिच्या त्या एका ओळीसकट. मला दाखवाल का, असे विचारले, तर म्हणाले, बघतो. मला अजून थोडा राग येतो. त्यांनाही येत असावा.

संध्याकाळी संकेतस्थळावर कोणा अनोळखी बाईंचा संदेश आला : नमुन्यातील शर्टाचा उजवा खांदा खाली दिसतो, कृपया दुरुस्ती करावी.

मी उत्तर पाठवले. तपासले. माप बरोबर आहे.